शहाडमधली सरकती रात्र

गडहिंग्लजला परत येऊन आता पाच महिने होत आले. गावात जो भेटतो तो विचारतो, "ठाण्याला तीन आठवडे होतीस, काय काय बघितलंस?" मी तलाव बघितला, खाडी बघितली, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं म्हणजे मी तिकडे लोकांची झोप बघायला गेले होते. जे बघून आले ते एस.टी. स्टँडवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माणसांची नावं बदलली आहेत. ज्यांची ही हकीकत आहे त्यांना विचारून लिहिते आहे.

मी कोल्हापूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकल्पाचा विषय आहे शरीरातलं घड्याळ. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. झोप केव्हा यावी, भूक केव्हा लागावी, अंगाची ऊब केव्हा उतरावी, हे सगळं तो ठरवतो. गंमत अशी की हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. बहुतेकांचं रोज थोडं मागे पडतं, आणि रोज सकाळचा उजेड डोळ्यांतून आत जाऊन त्याला जागेवर आणतो. मग ज्यांना दिसतच नाही त्यांच्या घड्याळाला जागेवर कोण आणतं? माझा प्रश्न तेवढाच. अंध लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने ठाणे-कल्याण पट्ट्यातली सहा नावं मिळवून दिली. प्रत्येकाच्या मनगटावर एक यंत्र बांधायचं, ते दिवसरात्र हालचाल मोजतं. दर चार-पाच दिवसांनी जाऊन नोंदी उतरवून घ्यायच्या. मावशीचं घर ठाण्यातच, कोपरीत, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता.

कोपरी

मावशीकडे पहिल्याच सकाळी लक्षात आलं की इथे सकाळ होते ती उजेडाने नाही, पाण्याने. पावणेपाचला नळ येतो आणि अख्खी बिल्डिंग उठते. समोरची इमारत इतकी जवळ की ऊन खिडकीत येतं ते दहानंतर, तेही टिपॉयएवढं. आमच्याकडे "उन्हं कलली की ये" म्हणतात. इथे मावशी म्हणाली, "चार बावीसच्या लोकलने निघ म्हणजे भाजी घ्यायला सापडशील." मिनिटांवर बोलणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. मी आईने दिलेली चटणी आणि ज्वारीचं पीठ पुढे केलं तर मावशी पीठ हातात घेऊन हुंगत राहिली. "बावीस वर्षं तांदळाच्या भाकऱ्या थापतेय मी इथे," एवढंच म्हणाली.

डोंबिवली आणि कोलशेत

डोंबिवलीच्या आजी ऐंशीला आलेल्या, शाळेत मराठी शिकवलेल्या. काचबिंदूने दृष्टी गेली त्याला कितीतरी वर्षं झाली. आता सावलीसुद्धा कळत नाही म्हणाल्या. पण रोज साडेपाचला जाग येते आणि साडेनऊला डोळे मिटतात. "मला घड्याळाची गरज कधी पडली नाही हो," त्या म्हणाल्या. "फक्त सकाळी अर्धा तास गॅलरीत बसते. का बसते ते विचारू नका. बरं वाटतं."

चार दिवसांनी त्यांच्या नोंदी उतरवल्या. या नोंदींचा आलेख असा काढतात की एका ओळीत एक दिवस, खाली दुसरा दिवस, त्याखाली तिसरा. जागेपणीची हालचाल काळी, झोप पांढरी. आजींच्या काळ्या पट्ट्यांच्या कडा एकाखाली एक, ओळंब्याने बांधलेल्या भिंतीसारख्या. म्हणजे डोळ्यांना दिसत नव्हतं, पण आत घड्याळापर्यंत उजेड पोचत होता. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी असतात, त्यांचा बघण्याशी संबंध नाही. त्या मेंदूला फक्त एवढं कळवतात, की दिवस आहे. आजींच्या त्या पेशी शाबूत होत्या. पुस्तकात वाचलेलं असं समोर आलं की अंगावर काटा येतो. मला तर गॅलरीतच नाचावंसं वाटलं.

कोलशेतला मात्र फजिती झाली. तिथल्या आजोबांचा आलेख बघितला तर माणूस संध्याकाळी पाच ते सात नुसता पळत होता. चौकशी केल्यावर कळलं, नातीने यंत्र आपल्या हातात घालून दोन दिवस खो-खो खेळून घेतला. आजोबा हसून बेजार झाले, आणि माझे चार दिवस वाया गेले.

शहाड

चौथं नाव दयानंद काकांचं. शहाडला स्टेशनपासून दहा मिनिटांवर बैठ्या चाळीत घर. दारात तुळस नाही, कपाटावर बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यापुढे छोटा दिवा. काका चव्वेचाळीस वर्षांचे, उंच, दाढी स्वतः करतात आणि स्वच्छ करतात. त्यांच्या पत्नी संगीता कल्याणच्या एका खासगी दवाखान्यात आया आहेत. मुलगी प्राची दहावीला. मी "काकू" म्हटलं तर त्या हसल्या. "काकू नको, भटांच्या घरात आल्यासारखं वाटतं. काकी बोला."

मी गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि काका गाढ झोपले होते. काकींनी त्यांना हलवलं, मग जोरात हलवलं, मग तोंडावर पाणी मारलं. ते उठून बसले आणि मला नमस्कार केला, पण मान सारखी खाली पडत होती.

"हे असं असतं बघा," काकी म्हणाल्या. "रात्री टक्क जागे. भांडी लावतील, रेडिओ कानाला लावतील. आणि दिवसा हे असं. मग पंधरा दिवसांनी आपोआप नीट होतात. परत बिघडतात. शेजारची बोलते, अमावास्येचं आहे, कुणाला तरी दाखवा. आम्ही नाही मानत असलं. पण माणूस किती दिवस नाही मानणार?"

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्यांनी काका दिवसा झोपले त्या त्या दिवशी फुल्या मारल्या होत्या. फुल्यांचे घोळके दर महिन्याला येत होते, पण अमावास्येला धरून नव्हते. कधी अमावास्या, दोन-तीन महिन्यांनी त्याच्या पुढे, मग पुढे सरकत पौर्णिमेला. मी फोटो काढून घेतला. मनात काहीतरी वाजलं होतं, पण नोंदी हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं.

हळूहळू हकीकत कळली. पाच वर्षांपूर्वी काका एका लहान कारखान्यात कामाला होते. कॉस्टिक सोड्याचा पाइप निसटला आणि ते जळजळीत पाणी तोंडावर उडालं. दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पण माणूस खचला नाही. वर्षभरात टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घेतलं, ठाण्यातल्या एका ऑफिसात नोकरी मिळवली. पुढे एका डोळ्यात जंतू शिरले, दुसराही ठणकायला लागला. दोन्ही काढावे लागले आणि खोटे बसवले. रजेवरून परत कामावर गेले, आणि मग फोन वाजत असताना डोकं टेबलावर.

"पहिल्यांदा हसले सगळे," काकांनी सांगितलं. "मग मेमो आला. मग एकदा साहेबाने एकाला माझ्या तोंडाचा वास घ्यायला सांगितलेला. मला कळलं ना, कुणीतरी एकदम जवळ आलेलं. मी आयुष्यात थेंब घेतला नाही, ताई. दीड वर्ष ढकललं, मग काढलं."

काकी ताटात डाळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मी पण घेतलेला एकदा वास. हे झोपेत होते तेव्हा."

काकांची मान त्यांच्या आवाजाकडे वळली. त्यांना ते माहीत नसावं.

त्या दिवशी निघताना काकांनी मला एकच मागितलं. "तुमचं ते मशीन काय सांगेल ते लिहून द्या. ऑफिसला दाखवतो. नोकरी देवोत न देवोत. मी आळशी नाही आणि बेवडा नाही, एवढं कागदावर पाहिजे."

तेरावा दिवस

माझी चूक त्या दिवशी झाली. लिहायचं टाळावंसं वाटतं, पण ती गाळली तर या प्रवासात सांगण्यासारखं काही उरत नाही.

दुपारी दोनला मी शहाडला पोचले. काका जागे होते, ताजेतवाने. काकी मोरीजवळ बसून बोंबील साफ करत होत्या. प्राची शाळेत. मी लॅपटॉप उघडला, नोंदी उतरवल्या, आणि पडद्यावर ते उमटलं. काळ्या पट्ट्या एकाखाली एक नव्हत्या. रोजची पट्टी आदल्या दिवसापेक्षा थोडी उजवीकडे. जिना उतरावा तशी काकांची झोप रोज पाऊण तासाने पुढे सरकत होती. आज अकराला झोप, उद्या पावणेबाराला, परवा साडेबाराला, आणि पंधरा-सोळा दिवसांनी रात्रीचा दिवस. महिनाभराने फिरून पुन्हा जागेवर. दिनदर्शिकेवरच्या फुल्याही तेच सांगत होत्या.

मी उड्या मारायची बाकी होते. "काका, तुम्हाला आळस नाही, काही नाही! तुमचं घड्याळ पावणेपंचवीस तासांचं आहे. ते मोकाट सुटलंय. उजेड त्याला रोज लगाम घालतो, तो लगामच नाही."

काका पुढे सरकले. "म्हणजे रोग आहे? नाव असलेला?"

"आहे. पुस्तकात आहे. यावर गोळीपण आहे, रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, पण आहे."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने हात काढून म्हणाले, "पण ताई, आंधळा झाल्यावर पहिली दोन वर्षं मला मस्त झोप लागायची. दिसत तर तेव्हापण नव्हतं."

मी एक क्षणही थांबले नाही. परीक्षेत येणारं उत्तर कागदावर उतरवावं तसं बोलत सुटले. "कारण तेव्हा डोळे होते ना! दिसत नसलं तरी मागच्या पेशींना उजेड कळत होता. डोंबिवलीच्या एका आजींचं तसंच आहे. डोळे काढले की तो रस्ताच बंद होतो. तुमचं बिघडलं ते ऑपरेशननंतर, बरोबर जुळतंय!"

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला होता. काकी हातातला बोंबील तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या.

"सही मी केलेली," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "संगीता, ते डॉक्टरांनी..."

"मी केलेली. हे बेशुद्धच होते तापाने. मला विचारलं, दोन्ही काढायचे ना? मी बोलले काढा, तसेपण दिसत नाही त्यातून."

मी काहीतरी सारवासारव केली. जंतू मेंदूपर्यंत गेले असते, काढण्यावाचून इलाज नव्हता, नक्की कुणालाच सांगता येणार नाही. सगळं खरं होतं. पण ते आधी सांगायचं होतं. काकी उठल्या, हात धुतले, चहा टाकला. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. तो चहा मी कसा प्याले मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचीचा फोन आला. "ताई, मम्मी बोलली आता नका येऊ. मशीन मी स्टेशनवर आणून देते."

उल्हासच्या काठी

यंत्र द्यायला प्राचीबरोबर काका स्वतः आले. तिला त्यांनी खाऊच्या दुकानाकडे पाठवलं आणि मला म्हणाले, "नदीकडे जाऊया का? इकडे गोंगाट आहे."

आम्ही चालत गेलो. त्यांनी माझा खांदा धरला होता. नदीवर जलपर्णी इतकी दाटलेली की पाणी दिसतच नव्हतं. वाससुद्धा पाण्याचा नव्हता. आमची हिरण्यकेशी आठवली. उन्हाळ्यात आटते, पण तिचं तोंड दिसतं.

"ती जेवली नाही दोन दिवस," काका म्हणाले. "कामावर जाते, येते. माझ्याशी बोलते पण सारखं 'हे देऊ का, ते देऊ का' असं बोलते. पाव्हण्याशी बोलतात ना तसं. त्यापेक्षा आधी शिव्या द्यायची ते बरं होतं."

मी म्हटलं, "काका, माझं चुकलं."

"तेच सांगा तिला. तुमचं चुकलं म्हणून. पुन्हा तपासलं, डोळ्यांचा काही संबंध नाही, असं सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात, ती ऐकेल."

"पण ते खरं नाही."

"मला माहितीय खरं नाही." त्यांनी तोंड नदीकडे केलं होतं. "मला खरं कळलं, पुरे झालं. घरात दोघांना कशाला लागतं ते?"

घरी येऊन मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रबंधात खोटं लिहायचं नाही. त्या बाईंशी काय बोलायचं ते तुझं तू ठरव. ते मी शिकवू शकत नाही." मावशीला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "खोटं बोलायचं तर लवकर बोल. उशिरा बोललेलं खोटं ओळखू येतं."

कल्याण

काकींचा दवाखाना कल्याणला एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दीड वाजता त्यांची जेवणाची सुट्टी. मागच्या जिन्यात त्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंगावर निळा झगा, पायांत प्लास्टिकच्या चपला. मला बघून सरकल्या आणि पायरीवर जागा केली.

मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. "काकी, मी परत तपासलं. माझं चुकलं होतं. डोळे ठेवले असते तरी असंच झालं असतं."

त्यांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. अर्धी भाकरी मोडून झाकणात ठेवली आणि माझ्यापुढे केली. "त्यांनी पाठवलं ना तुम्हाला?"

मी झाकणातल्या भाकरीकडे बघत राहिले.

"खा," त्या म्हणाल्या. मग स्वतःचा घास हातात धरून बोलत राहिल्या. "तुम्ही तेव्हा नव्हता. हे भिंतीवर डोकं आपटायचे. खरंच आपटायचे. प्राची कानात बोटं घालून कपाटाच्या मागे बसायची. ताप उतरेना. डॉक्टर बोलले, उशीर केला तर माणूस जाईल. मी आज पण तीच सही करेन, ताई. दहा वेळा करेन."

"मग?"

"मग काय. डॉक्टरने खोटे डोळे कुठल्या रंगाचे पाहिजेत ते विचारलं. काळे की तपकिरी. अर्धा तास माझ्याशी रंगाचं बोलला. पण डोळ्याला आणखी एक काम असतं, ते आता बंद होईल, एवढं कुणी बोललं असतं ना..." त्यांनी घास परत डब्यात ठेवला. "दीड वर्ष मी त्यांना लाथ मारून उठवलेलं आहे. लाथ. कामाला जा म्हणून. एकदा दिवसभर जेवायला दिलं नाही. बाहेर लोकांना सांगितलं, आंधळा झाला तर झाला, ऐतखाऊ पण झाला. सहीचं मला काही नाही. हे जे मधलं आहे, ते मी कुठे ठेवू?"

वरून कुणीतरी "संगीता, तीन नंबर!" म्हणून हाक मारली. त्यांनी डबा बंद केला, झगा झटकला. जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलला ते त्यांना सांगा. मी मानलं, असं सांगा."

तेवढं मी केलं. काकांना फोन करून सांगितलं की काकींनी मानलं. ते म्हणाले, "उपकार झाले." मी फोन ठेवला आणि मावशीच्या मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

निघण्याआधी

शेवटच्या आठवड्यात मी काकांबरोबर दोन ठिकाणी गेले. मॅडमच्या ओळखीने ठाण्यातल्या एका झोपेच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आलेख बघितला, दिनदर्शिकेचा फोटो बघितला, गोळी लिहून दिली आणि रोज रात्री नऊला न चुकता घ्यायला सांगितली. गुण यायला कदाचित महिने लागतील, कदाचित येणारही नाही, हेही सांगितलं. त्यांनी लेटरहेडवर पत्र दिलं. आजाराचं नाव, आणि खाली एक ओळ: हा रुग्णाच्या सवयीचा किंवा व्यसनाचा परिणाम नाही.

मग ऑफिसात. साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी खुर्ची दिली, पत्र वाचलं. "वाईट झालं," म्हणाले. "पण आता ती जागाच नाही राहिली. फोन मशीनच उचलतं."

काका म्हणाले, "नोकरीसाठी नाही आलो, सर. हे माझ्या फाइलला लावा."

साहेबांनी कारकुनाला बोलावलं. कारकून थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, जुन्या फाइली गोदामात गेल्या आहेत, कुठल्या गोणीत ते सांगता येणार नाही. साहेबांनी पत्राची झेरॉक्स ठेवून घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. खण बंद झाल्याचा आवाज काकांनी ऐकला. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "फाइलला लावली ना?"

मी म्हटलं, "लावली." त्या आठवड्यात माझं ते तिसरं खोटं, आणि ते सहज जमलं याचीच मला भीती वाटली.

परतल्यावर

प्रबंध लिहून झाला. काकांचं पान त्यात "चौथा सहभागी" म्हणून आहे. आलेख सुंदर आहे, परीक्षकांनीही तसं म्हटलं. फुल्यांच्या दिनदर्शिकेचा फोटो मात्र मी त्यात घातला नाही.

मागच्या रविवारी शहाडला फोन केला. काकींनीच उचलला. प्राचीची परीक्षा झाली होती. काका एका वेताच्या खुर्च्यांच्या दुकानात विणकामाला जायला लागले होते, दुकान सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. म्हणजे गोळीने घड्याळ धरलं होतं. तिसऱ्या महिन्यात धरलं, म्हणाल्या.

"मग आता बरं आहे की, काकी."

"बरं आहे. साडेदहाला झोपतात ते सहाला उठतात." दार लोटल्याचा आवाज आला, मग म्हणाल्या, "झोपेत त्यांच्या पापण्या नीट मिटत नाहीत, ताई. त्या काचेच्या डोळ्यांवर बाहेरचा उजेड पडतो. आधी कधी असं नीट बघितलं नव्हतं मी, दिवसा उठवायची घाई आणि रात्री मलाच झोप लागलेली असायची ना. आता बघत बसते."

"तुम्ही नाही झोपत?"

"नाही लागत," काकी म्हणाल्या.